खोट काढायला नेलं तेव्हा

सराफाच्या दुकानातून तेजाबाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. आमचे वडील विट्याचे. परमुलखात त्यांचं गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं तेजाबात घालून खोट काढायची, हा धंदा. मला पुरुषच आवडतात हे कळल्यावर, नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात ते तडक गावी आले आणि मला सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. शर्टाला तोच वास. "आवं डाक्टर, पोरगं सोन्यासारखं हाय, तेवढी खोट काढा. थोडी घट आली तरी चालंल," ते हात जोडून म्हणाले. सोनं गाळताना जे वजन कमी होतं, ती घट. माझ्यातलं काय गेलेलं त्यांना चालणार होतं, हे डॉक्टरांनी विचारलंच नाही. ते हसले. "लग्न लावून द्या, निघेल." मी चांगला कमावता माणूस दोघांच्या मधल्या खुर्चीत बसलेलो, माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. परवा पुण्यातल्या समुपदेशक बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय सांगायचं होतं?" पन्नाशी उलटल्यावर हा प्रश्न! मी जवळजवळ ओरडलोच, "माझ्यात खोट नव्हती!"