एका मताचा बूथ

लोकसभेच्या निवडणुकीत बोटाला लावलेली शाई दोनेक महिन्यांत नखाबरोबर कापली जाते, पण बूथवरचे किस्से काही जात नाहीत. आमच्या घरात तर ते पावसाळ्यातल्या ओल्या कपड्यांसारखे साठलेत. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून मी घरीच असतो, त्यामुळे सगळे मलाच ऐकावे लागतात!

आमचं गाव कामोठ्याला चिकटून. माझे वडील, म्हणजे आबा, गावच्या शाळेतल्या बूथवर एका पक्षाचे पोलिंग एजंट. पक्ष असा, की त्याचा उमेदवार निवडून आलेला मी कधी पाहिला नाही. बाकावर त्यांच्या एका बाजूला पाटील मास्तर, दुसऱ्या बाजूला बँकेतून रिटायर झालेले शालोमकाका. तिघांचे पक्ष तीन, बाक एक. दर निवडणुकीला तेच बाक!

गेल्या खेपेला आबांच्या पक्षाला आमच्या बूथवर मत पडलं एक. एकच! आई त्या दिवशी उरणला माहेरी होती, म्हणजे ते कुणाचं हे सांगायला नको. या वेळी तालुकाध्यक्षांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "आबा, पुन्हा एकच मत आलं तर पुढच्या वेळी बूथवर दुसरा माणूस बसवू."

आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. पक्ष हरला तर ह्या माणसाला झोप लागते, पण बाक सुटणार म्हटल्यावर लागेना. याला निष्ठा म्हणायचं की येडेपणा, मला अजून कळलेलं नाही.

*

पूर्वी आमची लोकसभा कुलाब्याची. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि आम्हाला घाटावरच्या लोकांबरोबर एका दावणीला बांधलं. तेव्हा घाटावरचा एक उमेदवार गावात आला. पडला बिचारा, नाव कशाला सांगू? भाषणात तो तावातावाने म्हणाला, "मला निवडून द्या, तुमच्या शेताच्या बांधापर्यंत पाणी आणतो!"

आमची शेतं खाडीला लागून. उधाणाला बांध फुटतो आणि खारं पाणी थेट आत.

पाटील मास्तर उठले. "साहेब, पाणी येतंय आपलं आपण. तुम्ही ते बाहेर कधी काढणार, तेवढं बोला!"

*

बूथवरचा डबा आमच्या घरून जातो, तिघांचा. शालोमकाका ज्यू, कोळंबी खात नाहीत. म्हणून आई त्यांच्यासाठी वेगळं पापलेट तळते. एकदा आबांच्या पक्षाचा वरचा माणूस पाहणीला आला आणि डबा बघून तापलाच. "आपल्या एजंटला कोळंबी आणि विरोधकाला पापलेट? हा काय प्रकार?"

आबा शांतपणे म्हणाले, "साहेब, त्यांच्या धर्मात कोळंबी बसत नाय, आन् आपल्या पक्षाच्या खर्चात पापलेट बसत नाय!"

*

एजंटला एखादा मतदार खोटा वाटला तर अधिकाऱ्याकडे दोन रुपये भरून त्याला चॅलेंज करता येतं. आबांनी आयुष्यात एकदाच केलं. कुणाला? माझ्या सख्ख्या मामाला! मामा तेव्हा गावातच राहायचा. यादीतल्या फोटोत त्याला भरघोस मिशी, आणि आला तो सफाचट, केस काळेभोर करून.

"साहेब, यादीतला माणूस माझा मेव्हना हाय. त्याला मी चांगला वळखतो. ह्यो तो नाय!"

अधिकाऱ्याने मामाला विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

"न वळखून सांगतो कोनाला? आमची भैन दिलीय ह्यांना. तीच चुकी झाली!"

अधिकारी म्हणाला, "ओळख पटली. दोन रुपये जप्त."

*

आता निम्मे मतदार टॉवरमध्ये राहतात. या वेळी आबा आणि मास्तर आपापल्या पक्षाच्या मतदार-चिठ्ठ्या घेऊन एका सोसायटीत एकत्रच गेले. विरोधी पक्षांचे एजंट असा एकत्र प्रचार करतात का कुठे? पण ह्यांना कोण सांगणार! लिफ्ट बंद. आबांचे गुडघे दुसऱ्या मजल्यावर बसले, म्हणून मास्तर पुढे दोघांच्या चिठ्ठ्या घेऊन चढले.

सातव्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काका, ह्या तर दोन पक्षांच्या. नक्की कोणाला द्यायचं?"

मास्तर धापा टाकत म्हणाले, "वरची माझी, खालची माझ्या दोस्ताची. द्या मला. पण त्याची चिठ्ठी फेकू नका, सात मजले वाहून आणलीय!"

*

मतदानाच्या आदल्या दिवशी आबांनी मला समोर बसवलं. "तुजं पयलंच मत हाय. बापासाठी दे."

मी तोंडावर सांगितलं, "तुमचा उमेदवार कोण ते तुम्हालाही धड माहीत नाही. मी नोटाचं बटण दाबणार." आबांनी माझी चिठ्ठी तेवढी माझ्या पुढ्यात ठेवली आणि उठले. तेच जास्त लागलं. तरी दुसऱ्या दिवशी दाबला मी नोटाच. परत येताना आई हळूच म्हणाली, "मीपन दुसऱ्याला दिलं रे. तुज्या आबाला बोलू नको."

निकालाच्या दिवशी आम्ही नाक्यावरच्या चहावाल्याकडे बसलो होतो. मोजणी घाटावर चाललेली. आमच्या बूथचा आकडा मोबाइलवर आला आणि आबा खुर्चीवरून उठलेच. "तीन! तीन मतं! मी, बायको आन् पोरगा!" मला मिठी मारली आणि तालुकाध्यक्षांना फोन लावायला रस्त्याच्या कडेला गेले.

इकडे मास्तर आणि शालोमकाका माझ्याकडे बघत होते.

"आई आणि तू?" मास्तरांनी विचारलं.

"मी नोटा. आईनेही दुसऱ्याला दिलं."

मास्तरांनी सावकाश मान वळवली. शालोमकाका त्यांच्याचकडे बघत होते.

"शालोम, तू पण?"

"म्हणजे मास्तर, तू पण?"

दोघांनी चहाचे ग्लास उचलले आणि तोंडाला लावले. रस्त्याच्या कडेला आबा फोनवर ओरडत होते, "नाय साहेब, बाकाला हात लावायचा नाय आता! पोरगा भायेरून लय वाकडा, पन आतून पक्षाचा हाय!"