हनीफ मास्तरांच्या बारा पट्ट्या

शिंदखेड्याच्या हनीफ मास्तरांचा शेहजाद डॉक्टर होणार, ही बातमी पसरली तेव्हा गल्लीतल्या दोघातिघांनी त्याला आपली गुडघेदुखी सांगून ठेवली. हा डॉक्टर जॅझ पियानो वाजवतो, धुळ्यात शिकवण्या घेतो आणि संगीतशास्त्रावर प्रबंध लिहितो, हे कोणाकोणाला समजावणार? त्यातून गड्याची सुरुवात मास्तरांच्याच बँडमध्ये, वरातीच्या गाडीवर झालेली, आणि पहिल्याच परीक्षेत तो सपशेल आपटलेला.

बाविसाव्या वर्षी तो पुण्याला जॅझच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा द्यायला गेला होता. मोबाइलवर ऐकून बसवलेली एक चीज त्याने झकास वाजवली. परीक्षक बाई म्हणाल्या, "आता हीच चीज दोन स्वर वरून वाजवा." शेहजादचा डावा हात सवयीने पियानोच्या कडेला बटण शोधू लागला. बँडच्या कीबोर्डला पट्टी बदलायचं बटण असतं. गायकाने चढी पट्टी मागितली की बटण दाबायचं, बोटं तीच ठेवायची. बँडमधले सगळे कीबोर्डवाले असंच करतात. लाकडी पियानोला कसलं आलंय बटण? दहा वर्षं वाजवून आपल्याला एकच पट्टी येते, हे त्याला त्या दिवशी कळलं. परतताना त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

घरी त्याने हे चौथ्या दिवशी सांगितलं, तेव्हा अब्बा क्लॅरिनेट पुसत बसले होते. घरातलं बोलणं हिंदीत, पण मास्तर चिडले की थेट अहिराणीवर येत.

"मना क्लॅरनेटले कोठे शे बटन? बठ्ठ्या पट्ट्या बोटवर वाजाडस मी. आते तू बी वाजाड."

तिसरी शिकलेला बाप बाराही पट्ट्या लीलया वाजवतो, हे त्याच्याच मागे बसून पोराला कधी दिसलं नव्हतं. शेहजादने त्याच दिवशी कीबोर्डच्या त्या बटणावर एम-सील थापलं.

मग व्हायचं तेच झालं. रावेरच्या एका वरातीत गायक किरणने पट्टी चढवली आणि शेहजाद असा भरकटला की नवरदेवाच्या मामाने नाच थांबवून विचारलं, "पेटी बिघडली का?" किरण म्हणाला, आधी ते बटण खरवडून मोकळं कर, नाहीतर मी चाललो. शेहजादने ते कानाआड केलं. मास्तर मात्र एक करत. पोरगा चुकला की तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरवत आणि त्याला पट्टी सापडल्यावरच पुढे निघत. अशा दोन लगीनसराया गेल्या. लोक हसले, किरण खरोखरच सोडून गेला, पण बारा पट्ट्या बोटांत मुरल्या. तिसऱ्या वर्षी पुण्यात प्रवेश मिळाला.

तिथे जॅझ शिकताना त्याच्या लक्षात आलं, की चालत्या गाण्यात पट्टी बदलण्याच्या ज्या युक्त्या पुस्तकात आहेत, त्यातल्या कितीतरी आपल्याकडचे म्हातारे क्लॅरिनेटवाले वरातीत चालता चालता करतात. प्रबंधाला विषय मिळाला. सहा वर्षं तो शिंदखेड्यापासून पहूरपर्यंत चाळीस मास्तरांच्या दारात बसला.

जळगावात तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, "हे लोक अंदाजाने वाजवतात. अंदाजाला शास्त्र कसं म्हणायचं?"

सहा वर्षांचं काम त्या एका वाक्याला टांगलं गेलं. शेहजादने मागच्या रांगेतून अब्बांना क्लॅरिनेट घेऊन पुढे बोलावलं आणि स्वतः तिथल्या पियानोवर बसला. "सर, पट्टी तुम्ही सांगा."

परीक्षकांनी काळी तीन सांगितली. वाजली. पांढरी सात सांगितली. तीही वाजली. मग त्यांनी गाण्याच्या ऐन मध्यात पट्टी बदलायला लावली. सत्तरीचे मास्तर सहज पलीकडे गेले, आणि होणारा डॉक्टरच अडखळला. मास्तरांनी तीच ओळ दोनदा फिरवली. पोरगा आला, तेव्हा पुढे निघाले.

परीक्षकांनी प्रबंध परत उघडला. मास्तर मागच्या रांगेत परतले, तोवर ते पुढची-मागची पानं चाळत होते. मग शेहजादला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले,

"प्रबंध मान्य आहे. एक दुरुस्ती करा. या मास्तरांचं नाव माहिती देणाऱ्यांच्या यादीत एकतिसावं आहे. गुरूंचे आभार मानलेत त्या पानावर फक्त पुण्याची चार नावं दिसतात."

ते नाव त्या पानावर घालावं, हे शेहजादच्या मनातही आलं नव्हतं, आणि तेच त्याला लागलं.

बाहेर आल्यावर मास्तरांनी विचारलं, साहेब शेवटी काय म्हणाले. शेहजादने खाली बघत सगळं खरं सांगितलं.

मास्तरांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवून कडी लावली.

"मंग कर ना दुरुस्त," ते म्हणाले.