बिनतारखेची पट्टी

नागपूरच्या उन्हाळ्यावर खरं प्रेम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या ताईचा नवरा निघाला. मे महिन्यात आम्ही वाळ्याच्या ताटीमागून हलायचो नाही आणि भाऊजी भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून गच्चीवर! कशाला? तर औषधाच्या गोळ्या उन्हात घातल्या होत्या, त्या बघायला. एका खाटेवर ताईच्या कुरड्या, शेजारच्या खाटेवर यांच्या गोळ्या. "लोकं भट्टी विकत आणते गा, आपल्याले देवानं फुकट देली," असं मला ते कौतुकानं सांगायचे.

भाऊजी औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या अभ्यासाचा विषय एकच: रक्त पातळ ठेवणारं एक औषध उन्हात, ओलीत, उजेडात किती टिकतं आणि मोडलं तर त्याचं काय काय होतं. त्या नादात घरातल्या प्रत्येक वस्तूवर तारखेची चिठ्ठी लागायची. तिखटाचा डबा, खोबरेल तेल, साबणाची वडी. माझ्या लग्नातला एक लाडूसुद्धा त्यांनी तारीख घालून देव्हाऱ्यामागे ठेवला होता; पाच महिन्यांनी बोलावून दाखवला, तेव्हा मी लांबूनच हात जोडले. "तारीख नाही तं भरोसा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही हसायचो खरे, पण त्या वेडाचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ताईच्या हृदयाची एक झडप बदललेली होती आणि तीच गोळी ती रोज घ्यायची. गोळीचा जोर कमी झाला, तर झडपेवर रक्ताची गाठ धरायची भीती होती.

एका मे महिन्यात त्यांनी ताईच्याच बाटलीतली गोळी तपासायचं ठरवलं. "तू रोज काढते तशीच काढून दे वं, मी हात लावत नाही," असं बजावून त्यांनी ती पुडीत घेतली आणि कॉलेजात गेले. तिथे गोळीचा अर्क काचेच्या पट्टीवर चढवून जांभळ्या दिव्याखाली पाहायचा असतो. औषध शाबूत असेल तर एकच डाग, मोडलं असेल तर आणखी डाग. त्या दिवशी दुसरा डाग दिसला. चांगला पिवळाधमक.

मी ताईकडेच बसलो होतो. बाराच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा नाही, पायात चप्पल नाही, असे भाऊजी अंगणात सायकल टाकून आत आले. हातात ती पट्टी. "गोळी मोडून राहिली गा! किती दिवस खाल्ली हिनं अशी?" एवढंच बोलले आणि एवढा मोठा माणूस दारातच मटकन बसून रडायला लागला.

ताईनं पाण्याचा गडवा पुढे केला. तिची बोटं पिवळीजर्द होती. "अहो, रडता काहून? सकाळपासून कैरीचं लोणचं घालून राहिली मी. हळदीच्या हातानंच काढून देली तुमची गोळी. तुम्हीच म्हणाले ना, रोजच्यासारखी काढ म्हणून!"

भाऊजींनी स्वतः चिमट्यानं दुसरी गोळी उचलली, आल्या पावली कॉलेजात गेले आणि संध्याकाळी पेढे घेऊन आले. एकच डाग! पेढ्यांच्या पुड्यावर तारीख होतीच.

ताई त्यानंतर पुष्कळ वर्षं राहिली. गेली ती दुसऱ्याच आजारानं. परवा भाऊजींच्या कपाटात मला काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी सापडली. "तिच्या हळदीची आहे," ते म्हणाले. मी कागद उलगडायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे गा. उजेडात हळद टिकत नाही."

"पण डाग आहे का अजून? तुम्ही पाहिलाच असेल."

"नाही पाहिला," म्हणाले, आणि पट्टी माझ्या हातातून घेऊन ताईच्या लुगड्यांच्या घडीखाली परत ठेवली. कागदावर मी चिठ्ठी शोधली होती. त्या घरात तारीख नसलेली वस्तू मी पहिल्यांदाच पाहत होतो.