दिवसाची पेटी, रात्रीची पेटी

वत्सला मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. त्यांच्या मुलाचा आवाज तुटत होता, आमच्या पाड्यावर रेंज असते तीच इतकी. "सर, आई गेली... पहाटे." एवढंच कळलं. मुलं दिवसाच्या पेटीतलं काहीबाही काढून वाचत बसली होती. मी फोन खिशात ठेवला आणि शेजारच्या बंद पेटीकडे बघत राहिलो. आमच्या वर्गात पत्र्याच्या दोन पेट्या आहेत, एक दिवसाची आणि एक रात्रीची. त्या दोन का, हे सांगितलं की मॅडम बऱ्याचशा सांगून होतील.

मॅडम ब्राह्मणपुरीच्या, शहाद्याच्या सपाटीवरच्या. घरात अहिराणी, वर्गात मराठी. बदली होऊन आमच्याकडे वर सातपुड्यात आल्या तेव्हा शाळेत शिक्षक दोनच, त्या आणि मी. मी इथलाच, पावरा आदिवासी, आमच्या पाड्यातला पहिला बी.ए. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो. आमची मुलं मराठी अक्षरं ओळखायची, पण पुस्तक मिटलं की सगळं मिटायचं. मॅडमना ते खुपायचं. "भाऊ, यांना वाचायला देतो काय आपण? लिफ्टची गोष्ट! लिफ्ट यांच्या बापानं पाहिली का? माझ्या तरी पाहिली का?" मग त्यांनी माझ्या आईला बसवून तिची एक गोष्ट लिहून घेतली. नदीला घाबरणारा वाघ आणि त्याला पाठीवर घेणारा खेकडा. सांगणारी आई, मराठी करणारा मी, आणि मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवणाऱ्या मॅडम. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर लावून त्या जोशात वाचायला लागल्या... आणि वर्ग गप्प. दोघींनी तर कानांवर हात ठेवले. मॅडमचा चेहरा पडला. मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "मन्हं काय चुकनं, भाऊ?"

मलाही सांगता येईना. सहाव्या वर्षापासून मी आश्रमशाळेत आणि वसतिगृहात वाढलो. सांगितलं ते तिसरीतल्या जमनीनं, खाली बघत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. आणि तिचा मामा तर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला! एकट्या तिचाच नाही, दिवाळीनंतर अर्ध्या वर्गाचे मामा तिकडेच असतात. तिनं सांगितल्यावर मला आठवलं, लहानपणी मीही या गोष्टी चुलीपाशी अंधार पडल्यावरच ऐकल्या होत्या.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अंधश्रद्धा आहे, वाचा मुकाट्यानं. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणणार होतो, पदवी नवी होती. मॅडमनी कागद भिंतीवरून काढला, घडी घातली आणि जमनीच्या हातात दिला. "घरी ने. अंधार पडला की आईला वाचून दाखव." बस. तिथून दोन पेट्या झाल्या. खरं ते दिवसाच्या पेटीत. बियाण्याच्या पिशवीवरची माहिती, जुलाबाच्या औषधाची चिठ्ठी, पक्ष्यांची पुस्तकं, छप्पर कसं शाकारायचं हे मुलांनी घरी विचारून लिहिलेलं. आणि गोष्ट म्हणून जे काही असेल, आमच्या डोंगरातलं असो की शहाद्याच्या दुकानातून त्यांनी चाळून-चाळून आणलेलं असो, ते रात्रीच्या पेटीत. ते शाळेत उघडायचं नाही, घरी न्यायचं. एकदा एकानं विचारलं, "मॅडम, पेपर कोणत्या पेटीत?" पेपरात येत्या पावसाआधी आमच्या पाड्याला डांबरी रस्ता होणार असं एका पुढाऱ्याचं आश्वासन छापलेलं. मॅडमनी ते पान वाचलं, चष्मा काढला. "हे रात्रीच्या पेटीत टाक रे."

पुस्तक परत आलं की त्या पानं उघडून वास घ्यायच्या. चुलीच्या धुराचा वास आला म्हणजे वाचलं. पोरंही काही कमी नाहीत. एकानं न वाचलेलं पुस्तक शाळेची खिचडी शिजते तिथं धुरावर धरून आणलं. मॅडमनी हुंगलं आणि म्हणाल्या, "अरे लबाडा, हाऊ ते खिचडीना धूर शे!" पुस्तकं काळी होतात म्हणून तपासणीला आलेले साहेब कुरकुरले, तेव्हा याच मॅडम सरळ म्हणाल्या, "साहेब, कोरी पुस्तकं बघायची असतील तर दुसऱ्या शाळेत जा. तिथं कपाटाला कुलूप आहे."

पण एक गोष्ट राहून गेली आणि आज तीच सलते आहे. मॅडम अक्कलकुव्याला भाड्याच्या घरात राहायच्या, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. खाली जाणारी शेवटची जीप पाचला. त्यामुळे इतक्या वर्षांत आपण निवडलेली एकही गोष्ट एकाही मुलाच्या तोंडून त्यांनी ऐकली नाही. ऐकायचो मी. संध्याकाळी पाड्यातून चालताना कुडापलीकडून अडखळत वाचणं ऐकू यायचं, मध्येच कुणाची तरी आजी "पुढं काय? पुढं काय?" करायची. सकाळी जीपमधून उतरल्या उतरल्या मॅडमचा पहिला प्रश्न, "काल कोण वाचत होतं?" मग मी सांगायचो. कुठं अडली, कुठं हसली, बाप जेवायचा थांबला का. त्या चपला हातात घेऊन ओढा ओलांडता ओलांडता ऐकायच्या. एकदा मध्येच थांबल्या. "भाऊ, मी इतलं निवडी-निवडीसन आणस, आन् ऐकाले मीच नही." हसत म्हणाल्या आणि पाण्यातून पुढे निघाल्या. माझ्या आईनं कितीदा सांगितलं, बाई, एक रात्र राहा, खाट आहे, भाकरी आहे. "राहीन हो मावशी, एकदा राहीन." सासूबाई गेल्या तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला महिनाही उरला नव्हता. मग गुडघे, मग ते दुखणं...

गेल्या दिवाळीत फोनवर त्यांनीच तोड काढली. "होळीले येसु भाऊ. मामा घर ऱ्हातीन, मंग दिवसा वाचाले काय हरकत शे?" मी मुलांना विचारलं. जमनीची सगळ्यांत धाकटी बहीण रमिला आता चौथीत आहे, तिनं बराच विचार केला. मामा घरीच बसलेला असेल तर वाट चुकणार कशी? ठरलं. होळीला मॅडम येणार, रमिला वाघ-खेकडा वाचणार, दिवसाढवळ्या, वर्गात. मॅडम माघातच गेल्या.

शाळेत शोकसभा झाली, सकाळी अकराला. साहेब आले, आजूबाजूचे शिक्षक आले. भाषणं झाली. मग साहेब आपलेपणानं म्हणाले, "मॅडमच्या आवडीची गोष्ट वाचू द्या एखाद्या मुलीला." रमिला उठली, तो घड्या पडलेला, कडा काळ्या झालेला कागद छातीशी धरून उभी राहिली आणि वाचेना. "लाजू नको बाळ," साहेब म्हणाले. ती लाजत नव्हती. तिचा मामा अजून बारडोलीकडे कुठंतरी उसाच्या फडात होता. मी म्हणालो, "बस, रमिला." फोटोतल्या मॅडमनीही तेच सांगितलं असतं... पण त्यांना ऐकायचं होतं हो, फार ऐकायचं होतं.

होळी होऊन गेली. परवा रमिला शाळेत आली ती मामाला घेऊनच. मामाला दारात उभं केलं, एकदा वळून नीट पाहून घेतलं, आणि मला विचारलं, "सर, आता वाचू?" तिनं अख्खी गोष्ट वाचली. वाघ पाण्यात पाय घालायला घाबरतो तिथं सगळा वर्ग हसला, मामाही हसला. बाहेर लख्ख ऊन होतं. मॅडम निवृत्त झाल्यापासून त्यांची खुर्ची मी हलवलेली नाही, खिडकीजवळच आहे.

वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली आणि दोन्ही पेट्यांपुढे घुटमळली. मी म्हणालो, दिवसा वाचलंस ना, आता ठेव दिवसाच्या पेटीत. तिनं मान हलवली आणि रात्रीची पेटी उघडली.

"मामा सोमवारी परत जाणारे," ती म्हणाली.