समोर बोला

"खोटं!" चर्चच्या तिसऱ्या बाकावरून काठी आपटत म्हातारा ओरडायचा, आणि रंगात आलेला माझा उपदेश जागच्या जागी आडवा व्हायचा. मंडळी, शत्रू असावा तर असा. दर रविवारी वेळेवर हजर!

पाथर्डीकडच्या आमच्या गावात पाळक महिन्यातून एकदाच येत. बाकीचे रविवार माझ्यासारख्या शाळामास्तराच्या वाट्याला. शनिवारी दुपारी मी ओट्यावर शुभवर्तमान उघडून बसे, लाल पेन्सिलीने खुणा करी आणि आरशासमोर हातवारे बसवी. त्या शनिवारी येशूचा पेरणाऱ्याचा दाखला होता; त्यात खडकाळ जमिनीवर पडलेलं बी उगवतं आणि वाळून जातं. मी छातीवर मूठ आपटून गर्जलो, "खडकाळ जमीन म्हणजे पापी अंतःकरण!"

कुंपणाशी म्हातारा उभाच. त्याची सगळी जमीन दगडांची. दोन्ही मुलं तिला नावं ठेवत भिंगारला निघून गेलेली.

"पापी? माजी जमीन बघितली का, मास्तर?"

"तात्या, हा दाखला आहे."

"मंग दुसऱ्याच्या जमिनीचा द्या. म्या मरायच्या आदी एकदा तरी लोकांम्होरं तिला चांगलं म्हना."

"शास्त्रात नाही तसं."

"तुमाला पेरायला पाभर तरी धरता येती का?"

रविवारी मी मुद्दाम तेच वाक्य म्हटलं, आणि बोट बरोबर तिसऱ्या बाकाकडे. कबूल करतो, मजा आली. म्हातारा उठून गेला. शेवटचं गीत व्हायच्या आत परतला आणि नारळाएवढा धोंडा माझ्या टिपणांवर आदळला.

"माज्या जमिनीला पापी म्हनलात ना? ही घ्या, आनलीय. आता समोर बोला."

लोक खदखदून हसले. धोंडा माझ्याकडेच राहिला. त्यानंतर वर्षभर आमचं संभाषण म्हणजे त्याचं 'खोटं!' एवढंच.

पुढल्या वर्षी तोच दाखला लूकच्या शुभवर्तमानातून आला. खडकावरचं रोप ओलाव्यावाचून वाळलं, असं तिथे आहे. म्हाताऱ्याला कायमचा गप्प करायला पुरावा हवा, म्हणून मी भर उन्हात त्याच्या शेतात गेलो.

"ओल न्हाई म्हनतंय व्हय पुस्तक? उचला दगूड."

उचलला. खाली माती काळपट, गार, ओली. शेजारच्या साफ रानात धूळ उडत होती.

"अजून उचला!" कंबर मोडेस्तोवर उचलायला लावले त्याने.

त्या रविवारी मी हातवारे केले नाहीत. म्हणालो, "खडकाळ जमीन कुणाची ते मला ठाऊक नाही. तात्यांची नव्हे. तिच्यात ओल आहे, मी हाताने पाहिली. मी चुकलो."

मग थांबलो. काठी वाजली नाही. तिसऱ्या बाकावर त्याची म्हातारी एकटीच होती. तो तापाने घरी पडला होता.

संध्याकाळी तिला गाठलं. "सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं की. म्हनले, खोटं!"

"बस्स?"

"मंग म्हनले, त्यो माजा दगूड मास्तराकडनं मागून आन."

बुधवारी म्हातारा गेला. धोंडा मीच शेतात नेऊन ठेवला. बांधावरच्या ढिगात नाही. बरोबर मधोमध, पाभरीच्या वाटेत.

ओरड म्हणावं आता.