जिभेवरची साखर

चावलेल्या ओल्या पानाचा वास आमच्या घरात सकाळपासून असे. उग्र नव्हे, तुरट. दव धरलेल्या कुंपणाजवळून गेल्यासारखा. बाबा खिडकीशी बसून मधुनाशिनीची पानं सावकाश चावत आणि मग आईपुढे तळहात धरत. आई त्यावर चिमूटभर साखर ठेवी.

"लागते का?"

"नुसती वाळू," बाबा म्हणत, आणि त्यांचा चेहरा उजळे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही बंगळूरच्या के. आर. पुरमला राहत होतो. बाबा सरकारी कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. उभा जन्म त्यांनी लोखंडाची मापं घेतली होती. मधुनाशिनीची वेल शेजारच्या अक्कांची. त्या मराठीच, पण इथेच वाढलेल्या. पहिली मूठभर पानं त्यांनीच आणून दिली. "स्वल्प कडू लागेल, अण्णा. मग साखर खाऊन बघा, कळणारच नाही. पण गोळ्या सोडू नका हं."

त्या पानाचा गुणच तसा. तासभर ते जिभेवरची गोडी पुसून टाकतं. बाबांनी मात्र वेगळंच धरलं. जिभेला साखर कळेना, म्हणजे ती रक्तातूनही उतरली. काही आठवड्यांत त्यांनी गोळ्या बंद केल्या.

"काटा शून्यावर आलाय," ते म्हणाले.

"काटा जिभेचा. पायाचं काय?" आईने विचारलं.

डाव्या पायाला चपलेने घासून जखम झाली होती. ती दुखत नव्हती, आणि तेच वाईट होतं. हळूहळू पानांच्या हिरव्या वासाखाली दुसरा एक वास येऊ लागला, गोडसर, कुजका. आई धूप घाली. धूप विझला की तो वास पुन्हा खोलीभर पसरे. शेवटी बाबांना रुग्णालयात हलवावं लागलं. रक्तातली साखर चढलेलीच होती. पाऊल काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि तेही गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी.

रुग्णालयात पानं बंद झाली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असत. पाडव्याच्या सकाळी मी कडुनिंबाचा कोवळा पाला आणि गूळ वाटून, वाटीत घेऊन गेले. शकुनापुरता. वाटी पाहताच ते उठून बसले.

"इतके महिने पानं खाल्ली. ती अंगात मुरली असतील," ते म्हणाले. "आज पान नाही, नुसती जीभ आहे. गूळ गोड लागला नाही, तर पाऊल कापू देणार नाही मी."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. असल्या परीक्षेला काही अर्थ नव्हता हे मला पुरतं ठाऊक होतं. तरीही ते मिश्रण कडूच लागो, असं मी मनात म्हणत राहिले. बाहेर कुणाच्या तरी डब्यातून कैरीच्या भाताचा आंबट वास येत होता. बाबांनी बोटभर मिश्रण जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. आधी कडवटपणा आला. कपाळावर आठी उमटली, आणि क्षणभर त्या आठीत आशा होती. मग ती आठी सैल झाली. त्यांनी डोळे उघडले, चादरीखालच्या डाव्या पावलाकडे बराच वेळ पाहिलं, वाटी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले,

"गोड."