दुसऱ्या गावचा गोल

देओलिंदा फुटबॉल क्लबचे जर्सी-मोजे धुवायची, पण जीव थाऱ्यावर राहत नाही म्हणून सामना कधी बघायची नाही. हंगामाच्या शेवटच्या सामन्यालाही ती मैदानामागं कोरडे टॉवेल पुन्हापुन्हा पिळत बसली. आज क्लब पहिल्या विभागातून खाली जायची भीती होती.

एकाएकी गलका उठला. ती फाटकाकडं पळाली.

"झेफेरिनो, मारला का रं आपण?"

"कशाचं, मावशे! आपण हरतोय," कानाला रेडिओ लावलेला फाटकवाला हसला. "गोल तिकडं फारू गावात झाला. गुणतक्त्यात आपल्या खालचे तिथं मार खायल्यात. ते हरले की आपण वाचलो!"

"आन् त्यांनी फेडला तर?"

"गप की!"

"सरक, मला ऐकू दे."

इथली शिट्टी वाजली, मागोमाग रेडिओवर फारूतलीही. हरून वाचलेली पोरं नाचत आली.

"नाचा खुशाल," ती करवादली, "पण चिखल बाहेर झटका!"